ऑनलाइन चष्मा: यंत्राच्या चिठ्ठीपासून स्केचपेनच्या ठिपक्यांपर्यंत

डोळे तपासायला बसलं की आधी हनुवटी टेकवून एका यंत्रात बघायला लावतात. लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा दिसतो. मग त्या यंत्रातून किराणा दुकानाच्या बिलासारखी एक छोटी चिठ्ठी बाहेर येते. बहुतेक वेळा ती तपासणाऱ्याच्या टेबलावरच राहते आणि संध्याकाळी कचऱ्यात जाते. ती मागून घ्यायची. ऑनलाइन चष्म्याला सगळ्यात जास्त नडणारा आकडा, म्हणजे पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर), बऱ्याच यंत्रांच्या चिठ्ठीत तळाशी छापलेला असतो. कागद थर्मल असतो, काही महिन्यांत कोरा होतो. म्हणून तिथेच मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

त्या चिठ्ठीवरचा नंबर मात्र वापरायचा नाही. तो यंत्राचा अंदाज असतो. विशेषतः तरुण डोळा यंत्रात बघताना नकळत ताणला जातो आणि उणे नंबर असेल त्यापेक्षा जास्त निघतो. खरा नंबर म्हणजे ती जड गोल फ्रेम नाकावर बसवून, काचा बदलत, ‘ही बरी की ती बरी’ विचारून निघालेला. मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल, तर ती काही आठवडे स्थिर राहीपर्यंत थांबावं, कारण साखरेबरोबर नंबरही हलतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नंबर बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. लहान मुलांचा नंबर डोळ्यांत औषध घालून, बाहुली मोठी करूनच काढलेला हवा. ही तपासणी स्वस्तात उरकायच्या मागे लागू नये. पैसे वाचवायला पुढे भरपूर जागा आहेत.

हातात येणारा कागद नीट वाचता आला पाहिजे. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. पहिला आकडा एसपीएच, म्हणजे मुख्य नंबर. दुसरा सीवायएल, म्हणजे सिलिंडर, एकाच दिशेत लागणारा जादा नंबर. तिसरा ॲक्सिस, म्हणजे तो सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा ते. ॲक्सिस १ ते १८० मध्येच असतो, बाकीचे आकडे पाव पावच्या पायरीने चढतात. काही डॉक्टर सिलिंडर उणे लिहितात, काही अधिक. −२.०० / −१.०० × १८० आणि −३.०० / +१.०० × ९० हा एकच चष्मा आहे. एसपीएचमध्ये सीवायएल मिळवायचा, सीवायएलचं चिन्ह उलटं करायचं आणि ॲक्सिस ९० ने फिरवायचा, एवढंच. दोन तपासण्यांचे कागद वेगळे दिसले म्हणून घाबरण्याआधी हे गणित करून पाहावं.

जवळच्या नंबराचा घोळ आपल्याकडे खास आहे. कागदावर लांबचा −२.०० आणि खाली जवळचा −०.५० असा पूर्ण नंबर लिहिलेला असतो. साइट मात्र ‘ॲड’ विचारते. ॲड म्हणजे दोघांतला फरक, इथे +१.५०. तिथे ०.५० निवडलं की वाचताना काहीच फायदा होत नाही, आणि नाव काचेचं खराब होतं.

पुढचं सगळं एका नंबरावर करून दाखवतो: उजवा −४.७५ / −१.०० × १७०, डावा −५.०० / −०.७५ × १०, पीडी ६१. साधारण पाचचा उणे नंबर, म्हणजे चूक झाली तर डोकं दुखेल इतका मोठा आणि तरीही ऑनलाइन सहज मिळेल इतका साधा.

पीडी म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत ते बहुधा ५४ ते ७४ मध्ये असतं. चिठ्ठी मिळाली नसेल तर आरशासमोर मोजता येतं. आरशापासून वीतभर अंतरावर उभं राहायचं आणि पट्टी कपाळाला, भुवईच्या रेषेत टेकवायची. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणायचा. डोकं आणि पट्टी न हलवता डावा मिटून उजवा उघडायचा आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावर काय येतं ते वाचायचं. कंपासपेटीतल्या पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो. कड धरून मोजणारे दोनचार मिलिमीटरने फसतात. तीनदा मोजायचं. तिन्ही वेळा एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने आलं तर धरायचं, नाहीतर पुन्हा. साइटवर कॅमेऱ्याने पीडी काढताना कपाळाशी एटीएम कार्ड धरायला सांगतात, कारण कार्डाची रुंदी ठरलेली असते, ८५.६० मिलिमीटर. ही पद्धत वाईट नाही, पण कार्ड तिरकं धरलं की आकडा घसरतो. पट्टीशी ताळा करून घ्यावा.

इतकी काटेकोरी कशासाठी, तर काचेचा मध्यबिंदू बाहुलीसमोर आला नाही की काच प्रिझमसारखी वागते, समोरचं चित्र बाजूला सरकवते. हिशेब सोपा आहे: चूक सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. पाचच्या नंबराला एकूण ३ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.३ × ५, दीड प्रिझम. एकच्या नंबराला तीच चूक ०.३, आणि ती जाणवतही नाही. म्हणून ‘माझ्या मित्राने पीडी न देता मागवला, काही झालं नाही’ या सल्ल्यात आधी मित्राचा नंबर विचारायचा.

आता फ्रेम. जुन्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ५२□१८ १४० असं काही असतं. ५२ ही एका काचेची रुंदी, १८ नाकावरच्या पुलाची, १४० काडीची लांबी. जो चष्मा आज चेहऱ्यावर बरा बसतो त्याचे तीन आकडे टिपायचे आणि दोन मिलिमीटर इकडेतिकडे एवढ्यातच नवीन निवडायचा. स्क्रीनवर चेहऱ्याला फ्रेम लावून बघायची सोय असते. रंग ठरवायला ती ठीक आहे, माप ठरवायला निरुपयोगी. नाक बसकं किंवा अरुंद असेल तर नोजपॅडवाली धातूची फ्रेम घ्यावी, पॅड वळवून बसवता येतात. प्लॅस्टिकच्या साच्यातलं नाक जसं येतं तसंच राहतं, आणि घामाच्या दिवसांत चष्मा दर दहा मिनिटांनी खाली येतो.

या आकड्यांचा दुसरा उपयोग पैशाचा आहे आणि तो जवळजवळ कुणी सांगत नाही. उणे नंबराची काच कडेला जाड होते, आणि ती किती जाड होणार हे नंबराइतकंच फ्रेमच्या मापावर ठरतं. आपल्या नंबराला ५४□१८ ची मोठी फ्रेम घेतली असं धरू. ५४ अधिक १८ म्हणजे ७२, त्यातून पीडी ६१ वजा केला की ११, त्याचं निम्मं साडेपाच. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य साडेपाच मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार आणि कानाकडची कड मध्यापासून ३२.५ मिलिमीटर लांब जाणार. साध्या १.५० च्या काचेत (हे आकडे काय ते पुढच्या परिच्छेदात) ही कड अंदाजे ७.३ मिलिमीटर भरते. हीच साधी काच ४८□१९ च्या फ्रेममध्ये घातली तर मध्य फक्त तीनने सरकतो, कड २७ वर येते आणि जाडी साडेपाचच्या आसपास. मोठ्या फ्रेममध्ये महागडी १.६७ ची काच घातली तरी जाडी सव्वापाचच्या खाली फारशी जात नाही. म्हणजे लहान फ्रेममधली साधी काच आणि मोठ्या फ्रेममधली महाग काच यांत कागदाच्या दोनतीन पानांचा फरक! लहान फ्रेम घेऊन १.६० ची काच घेतली तर साडेचारच्या आत येतं. पाचच्या नंबराला तिथेच थांबावं.

काचेच्या नावांत लोक गोंधळतात, म्हणून थोडं सविस्तर. १.५०, १.५९, १.६०, १.६७, १.७४ हे वक्रीभवनाचे आकडे. आकडा वाढला की काच पातळ होते, पण ॲबे नावाचा दुसरा आकडा बहुतेक उतरतो. ॲबे कमी म्हणजे काचेच्या कडेने पाहताना दिव्याभोवती निळीतांबडी किनार दिसते. साधी सीआर-३९, म्हणजे १.५०, हिचा ॲबे ५८. एमआर-८ म्हणतात त्या १.६० चा ४१ च्या आसपास. १.६७ आणि १.७४ चे तिशीच्या थोडे वर. पॉलिकार्बोनेट १.५९ चा फक्त ३०. पॉली सहजासहजी फुटत नाही, म्हणून लहान मुलं, खेळाडू आणि वर्कशॉपमध्ये काम करणारे यांना तीच द्यावी. बाकीच्यांना साइट ‘पातळ आणि हलकी’ म्हणून सरसकट पॉली पुढे करते, तिथे १.६० शोधावी. रिमलेस फ्रेमला काचेत भोकं पाडावी लागतात आणि सीआर-३९ भोकापाशी तडकते. तिथे पॉली किंवा ट्रायव्हेक्स नावाची चिवट काच घ्यावी.

कोटिंगमध्ये ओरखडे रोखणारा हार्डकोट आणि काचेवरची चकाकी घालवणारं अँटीग्लेअर घ्यावं. रात्री गाडी चालवणाऱ्याला अँटीग्लेअरचा फरक पहिल्या रात्रीच कळतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू कटला जादा पैसे देऊ नयेत. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात साध्या काचेच्या तुलनेत संगणकापुढचा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही निघालं नाही. फुकट मिळत असेल तर असू द्यावं, थोडी पिवळट झाक चालत असेल तर.

मागवताना साइटवर नंबर स्वतः भरायचा किंवा कागदाचा फोटो चढवायचा, असे दोन मार्ग असतात. स्वतः भरताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे खाली उघडणाऱ्या यादीत उणेऐवजी अधिक निवडणं. यादी मध्ये शून्यावर सुरू होते आणि बोट वर गेलं की चिन्ह बदलतं. दुसरी चूक म्हणजे १८ आणि १८०. फोटो चढवला तरी तो कुणीतरी वाचून टाइपच करतो आणि डॉक्टरांचं ०.५० त्याला ५.० दिसू शकतं. म्हणून ऑर्डर पक्की झाल्याच्या मेलमधले आकडे कागदाशेजारी धरून एकेक तपासायचे. काच कापायला जाण्याआधी दुरुस्ती फुकटात होते, नंतर वाद होतो. पैसे भरण्याआधी परताव्याचा नियमही वाचावा. ‘१४ दिवसांत परत’ हे कधी कधी फक्त बिननंबरी फ्रेमसाठी असतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबराच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलात तो तसाच लागलाय का तेही बघावं.

साधे नंबर तयार काचांत मिळतात, असा चष्मा दोनतीन दिवसांत येतो. मोठा सिलिंडर किंवा मोठा नंबर असेल तर काच खास घासून घ्यावी लागते आणि आठवडा सहज जातो. उशीर झाला म्हणून लगेच रद्द करू नये.

पार्सल आलं की घालून आरशात बघण्याआधी तपासायचं. चष्मा हातभर लांब धरून दाराच्या चौकटीची उभी रेघ एका काचेतून बघायची. काच आडवी हलवली की उणे काचेत रेघ काचेच्याच दिशेने सरकते, अधिक काचेत उलट. चिन्हाची चूक इथेच पकडली जाते. मग काच गोल फिरवायची. रेघ कात्रीसारखी तिरकी होत गेली तर सिलिंडर आहे, न झाली तर सिलिंडर घालायचाच राहिला आहे. त्यानंतर ठिपके. काच आडवी सरकवत न्यायची, आणि काचेतली रेघ काचेच्या वरच्या व खालच्या रेघेला न तुटता जुळली की तिथे स्केचपेनने ठिपका द्यायचा. दुसऱ्या काचेलाही तसाच. दोन ठिपक्यांमधलं आडवं अंतर म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष बसवलेला पीडी. सिलिंडर असेल तर रेघ किंचित कलते, तेव्हा ठिपका एखाद्या मिलिमीटरने चुकतो. तेवढं सोडून द्यावं.

वरच्या नंबराचा चष्मा पहिल्यांदा आला तेव्हा ठिपक्यांमध्ये ६१ ऐवजी ६४ भरले. उणे काचांचे मध्य बाहेर गेले की डोळ्यांना लांब पाहताना एकमेकांपासून दूर फिरावं लागतं. आत वळायची डोळ्यांना दिवसभर सवय असते, बाहेर वळायची ताकद फारच कमी. अशा चष्म्याची ‘सवय होईल’ असं फोनवर सांगतात, पण ती होत नाही. ठिपक्यांवर पट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवल्यावर काचा बदलून आल्या. नुसतं ‘डोकं दुखतं’ लिहून हे झालं नसतं.

नंबराची अंतिम खात्री लेन्सोमीटरवरच, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावरच होते. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे तो असतो. जावं, सरळ सांगावं की बाहेरून मागवला आहे, नंबर बघून द्या आणि काड्याही नीट करून द्या, आणि त्याचे पैसे विचारून द्यावेत. त्याची फुकटची मदत गृहीत धरणं बरं नव्हे. नंबरात पाव फरक निघाला तर परत पाठवायचा. ॲक्सिसचं गणित सिलिंडरवर असतं. अर्ध्या सिलिंडरला पाच अंशांची चूक कळतही नाही. दोनच्या सिलिंडरला दहा अंश चुकले तर जवळजवळ पाऊण नंबराचा सिलिंडर दुरुस्तीविना उरतो आणि अक्षरांना सावली राहते. नव्या नंबराला तीनचार दिवस जमीन खोल वाटणं, फरशी कललेली दिसणं हे चालतं. आठवड्यानंतरही तसंच असेल तर दोष शोधायचा, सवयीची वाट बघायची नाही.

साइट दाद देत नसेल तर लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

काही चष्मे मात्र ऑनलाइन मागवूच नयेत. पहिला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा ते जवळचा नंबर एकाच काचेत रेघेविना असलेला चष्मा, हा त्यातला मुख्य. त्यात बाहुली फ्रेममध्ये किती उंचीवर येते हे चष्मा चेहऱ्यावर चढवून मोजावं लागतं, आणि दोन मिलिमीटर खाली बसला तर वाचायला हनुवटी आभाळाकडे करावी लागते. प्रिझमचा नंबर, दोन डोळ्यांत मोठा फरक, सहाच्या वरचा नंबर, लहान मुलं, यांनी दुकानातच जावं. प्रोग्रेसिव्ह दुकानातून घेतला तरी काच तीच आहे का ते बघता येतं. उजेडात तिरकी धरली की ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरीव खुणा दिसतात आणि कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा.

दुकान म्हणजे महागच असंही नाही. चकचकीत साखळी दुकानात न जाता जुन्या चष्मेवाल्याकडे जाऊन फ्रेम किती, काच किती, कोटिंग किती असे तीन वेगळे भाव विचारायचे. काच तयार पाकिटातून येते. त्यावर वक्रीभवन, व्यास आणि नंबर छापलेला असतो. ते पाकीट बिलाबरोबर मागायचं. मागणार हे आधी सांगितलं की १.६० च्या पैशात १.५६ बसवली जात नाही. फ्रेम चांगली असेल तर तीत नुसत्या नवीन काचा बसवून घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण जुनं प्लॅस्टिक वाळलेलं असतं, गरम करताना तडकू शकतं, आणि त्याची जबाबदारी दुकानदार घेत नाही. ते आधीच बोलून घ्यावं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट आणि काळबादेवीच्या बाजूला घाऊक चष्मेवाले आहेत, दिल्लीत चांदनी चौकातलं बल्लीमारान. घरातले तीनचार चष्मे एकदम करायचे असतील तर फेरी वसूल होते, एकासाठी नाही.

धर्मादाय नेत्र रुग्णालयांत तपासणी आणि चष्मा एकाच छताखाली होतो. पुण्यात महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई रुग्णालय, मुंबईत परळचं बच्चुअली रुग्णालय. तिथे वेळ जातो, रांग असते, पण काच विकायची घाई नसते. शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच त्याची सुरुवात झाली. शाळेत येणाऱ्या पथकाने डोळ्यांचा दोष लिहून दिला तर तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयात जावं, अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मुलांना चष्मा मोफत मिळतो.

आणि नुसती चाळीशी लागली असेल, लांबचा नंबर नसेल, सिलिंडर नसेल, दोन्ही डोळे सारखे असतील, तर औषधाच्या दुकानातला शेदोनशे रुपयांचा तयार चष्मा पुरतो. चाळिशीच्या सुरुवातीला +१.००, पन्नाशीत +२.००, साठीला +२.५० हा साधारण अंदाज. पेपर नेहमीच्या अंतरावर धरून स्पष्ट दिसणारा सगळ्यात कमी नंबर घ्यायचा. जास्त घेतला तर पेपर नाकाशी आणावा लागतो. डोळ्यांच्या आतला दाब मात्र हा चष्मा दाखवत नाही. चाळिशीनंतर काचबिंदूसाठी तपासणी वेगळी करून घ्यावीच.

अमेरिका-इंग्लंडमधून सुट्टीला येणारे इथे चारचार चष्मे करून नेतात. त्यांनी तिकडचा कागद घेऊनच यावं. दोन्ही देशांत तपासणीनंतर तो देणं कायद्याने बंधनकारक आहे, अमेरिकेत तर १९७८ पासून. पीडी मात्र त्यावर लिहायची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही, तो इथे मोजून घ्यावा. आणि पहिला चष्मा करून, चार दिवस वापरून, मगच बाकीचे तीन सांगावेत. परतीच्या आदल्या दिवशी चारही ताब्यात घेतले तर ठिपके विमानात द्यावे लागतात.

स्केचपेनचे ठिपके थेंबभर साबण आणि साध्या पाण्याने जातात. गरम पाणी नको, ओढणीच्या टोकाने कोरडं पुसणं नको, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवणं तर नकोच, कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. नंबर, पीडी आणि फ्रेमचे तीन आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवायचे. पुढच्या वेळी त्या थर्मल चिठ्ठीवर काहीच उरलेलं नसेल.